फळं जास्त दिवस कशी टिकवायची? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या हंगामाची) संत्री कळमन्याच्या बाजारात उतरायला लागली की हे प्रश्न सुरू होतात, आणि मे महिन्यात आंब्यांच्या निमित्तानं तेच प्रश्न फिरून येतात. विचारणारे तीन प्रकारचे असतात: घरची मंडळी, ठेलेवाले, आणि काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूडकडचे बागायतदार. म्हणून घरगुती प्रश्न आधी घेतले आहेत, कोल्ड स्टोरेज आणि पॅकिंगचे नंतर. नुसतं ‘फ्रिज’ म्हटलं असेल तिथं घरातला, साधारण ४-५ अंश सेल्सिअसचा फ्रिज समजावा.

१. तोडलेलं फळ खराब का होतं? थंडीनं नेमकं काय साधतं?

तोडल्यावरही फळ जिवंत असतं. ते श्वास घेतं, स्वतःतली साखर जाळतं, ओलावा सोडतं. झाडावर असताना गेलेलं पाणी मुळांकडून भरून येत होतं, आता तो पुरवठा बंद झालेला असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की फळाचं श्वसन साधारण दुप्पट ते तिप्पट होतं. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार ४४-४५ अंशांवर जाते, तेव्हा ठेल्यावरच्या पपईचं काय होत असेल याचा अंदाज यावा.

फळ तीन वाटांनी जातं: श्वसन, ओलावा उडणं आणि सड. थंडी श्वसन मंद करते, चांगलं पॅकिंग ओलावा राखतं. सडीचं मूळ मात्र बहुतेक वेळा सालीवरच्या जखमेत असतं. नख लागलेलं, आदळलेलं, देठ उपटून निघालेलं फळ थंडीत उशिरा सडेल, पण सडेलच. इतक्या प्रश्नांमधून मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते की लोक फ्रिज आणि पेटीवर खर्च करायला तयार असतात, हाताळणीकडे मात्र बघत नाहीत.

२. संत्री आणली की लगेच फ्रिजमध्ये ठेवायची का?

महिना कोणता त्यावर अवलंबून आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र १०-१२ अंशांपर्यंत उतरते. त्या दिवसांत हवेशीर, सावलीच्या जागी एका थरात पसरलेली संत्री आठवडाभर आरामात राहतात. मार्चमध्ये मृग बहाराची, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाची, फळं येतात तेव्हा हवा तापलेली आणि कोरडी असते. ती फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा. वरच्या उघड्या कप्प्यात नको, कारण आजकालच्या बर्फ न धरणाऱ्या फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि संत्र्याची साल तिथं चामड्यासारखी होते.

दूध, लोणी, खवा झाकून ठेवा. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा वास त्यांना पटकन लागतो.

३. फ्रिजमधली केळी काळी काऊन पडतात? फ्रिज बिघडला का?

फ्रिज ठीक आहे. केळं हे उष्ण प्रदेशातलं फळ, त्याला साधारण १३ अंशांखालची थंडी सोसत नाही. सालीतल्या पेशी फुटतात आणि साल काळी पडते. याला शीतइजा म्हणतात. पिकलेलं केळं फ्रिजमध्ये काळं पडलं तरी आतला गर दोन-तीन दिवस खाण्याजोगा राहतो. हिरवं, कच्चं केळं मात्र फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. नंतर बाहेर काढलं तरी ते नीट पिकत नाही.

प्रत्येक फळाची सोसण्याची हद्द वेगळी. आंब्याला १२-१३ अंश मानवतात, पेरूला ८-१०, डाळिंबाला ५-७. द्राक्षं शून्याच्या आसपासही खुशाल राहतात. सीताफळ फारच नाजूक: १३-१५ अंशांखाली गेलं की साल काळवंडते आणि गर दगडासारखा राहतो. सीताफळ बाहेरच पिकू द्या. डोळे उलून मऊ झालं की खा, किंवा गर काढून फ्रिजमध्ये ठेवा.

४. कोणती फळं घरी पिकतात आणि कोणती पिकत नाहीत?

आंबा, केळी, पपई, चिकू, पेरू, सीताफळ ही फळं तोडल्यावर पिकतात. संत्रं, मोसंबी, लिंबू, डाळिंब, द्राक्ष, अननस, लिची ही जशी तोडली तशीच राहतात. आंबट संत्रं चार दिवस ठेवल्यानं गोड होत नाही. ओलावा आणि थोडा आंबटपणा गेला तर जिभेला गोड वाटेल, पण साखर वाढलेली नसते.

टिकवण्याचा नियम यावरूनच निघतो. पहिल्या गटातलं फळ आधी बाहेर पिकवायचं, मग थंड करायचं. दुसऱ्या गटातलं फळ पहिल्या दिवसापासून थंड ठेवलं तरी चालतं.

५. सगळी फळं एका टोपलीत ठेवली तर काय बिघडतं?

पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तोच वायू शेजारच्या फळांना पिकण्याची सूचना देतो. सफरचंद आणि पिकलेली केळी यात सर्वांत पुढे. कच्चा आंबा लवकर पिकवायचा असेल तर त्याच्याजवळ पिकलं केळं ठेवून कागदी पिशवी बंद करा, काम होतं. टिकवायचं असेल तर नेमकं उलटं करा. संत्री इथिलीननं गोड होत नाहीत, पण त्यांचं देठ सुकून सुटतं आणि तिथून सड शिरते. म्हणून संत्र्यांचं कॅरेट केळीच्या घडांपासून लांब ठेवा. ठेलेवाल्यांनी हे जरूर पाळावं.

६. प्लास्टिकच्या पिशवीत फळं जास्त टिकतात की लवकर सडतात?

पिशवीला भोकं असतील तर टिकतात, नसतील तर सडतात. बंद पिशवीत फळाच्या श्वासातली वाफ थेंबांच्या रूपात आत जमते आणि बुरशीला पाणी आयतं मिळतं. शिवाय ऑक्सिजन संपत जातो आणि फळाला आंबूस, दारूसारखा वास येतो. किलोभराच्या पिशवीला पेन्सिलच्या जाडीची आठ-दहा भोकं पाडा. आत थेंब दिसले तर कोरडा कागद ठेवा आणि रोज बदला. छापील रद्दीपेक्षा कोरा कागद बरा. चिरलेल्या फळाला रद्दीचा स्पर्शही नको, शाई अन्नात उतरते.

७. फळं धुवून ठेवावीत की खाताना धुवावीत?

खाताना. आधीच धुवायची असतील तर पूर्ण कोरडी करून ठेवा, देठाच्या खळग्यासकट.

८. पेटीत एका संत्र्यावर हिरवी बुरशी दिसली. बाकीची फेकायची का?

नाही. ती हिरवी पूड म्हणजे पेनिसिलियम जातीच्या बुरशीचे बीजाणू, एका फळावर लाखोंच्या संख्येनं असतात. ते फळ हलवू नका, झटकू नका. त्यावर पिशवी घाला आणि पिशवीसकट उचला. त्याला चिकटून असलेली चार-सहा फळं वेगळी काढून पुसा आणि आधी खाऊन टाका. पेटीतला कागद बदला. ही बुरशी धडधाकट सालीतून सहसा आत शिरत नाही, तिला जखम लागते. म्हणून बाकीची निरोगी फळं वाचतात.

बुरशीचा भाग कापून उरलेलं संत्रं खायचं का, असंही विचारतात. खाऊ नका. रसाळ फळात बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पलीकडे गेलेली असते.

९. संत्री चकचकीत दिसतात. मेण लावलेलं असतं का? ते घातक आहे का?

ग्रेडिंगच्या केंद्रावरून आलेल्या फळांना बहुधा लावलेलं असतं. तोडणी आणि धुलाईत फळाचा नैसर्गिक मेणाचा थर निघून जातो, तो भरून काढण्यासाठी पातळ लेप देतात. अन्नसुरक्षेच्या नियमांत मधमाशीचं मेण, कार्नोबा हे झाडाच्या पानांवरचं मेण आणि शेलॅक म्हणजे लाख यांना ताज्या फळांसाठी परवानगी आहे. खाण्याजोगा लेप असेल तर घाबरण्याचं कारण नाही, आणि संत्र्याची साल आपण तशीही काढून टाकतो. साल किसून वापरणार असाल तर कोमट पाण्यात घासून धुवा.

बागायतदारांसाठी वेगळा इशारा: जाड लेप म्हणजे जास्त टिकाऊपणा, हा हिशेब चुकीचा आहे. लेप जाड झाला की फळाचा श्वास कोंडतो आणि आत आंबलेली चव उतरते. गिऱ्हाईक एकदा फसलं की परत येत नाही.

१०. आंबिया बहाराची हिरवट संत्री कच्ची असतात का?

बहुतेक वेळा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आतली फोड तयार झालेली असते, पण सालीचा हिरवा रंग जायला थंड रात्री लागतात आणि त्या अजून सुरू झालेल्या नसतात. व्यापारी अशा फळांना बंद खोलीत अगदी थोड्या प्रमाणात इथिलीन देऊन रंग आणतात. त्यानं फक्त सालीतला हिरवेपणा जातो, चव बदलत नाही. हा प्रकार कार्बाइडचा नाही (कार्बाइडसाठी प्रश्न १७ पाहा). मात्र रंग आणलेलं फळ हिरवट फळापेक्षा कमी टिकतं, कारण प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे देठ सैल होतं. घरी आठवडाभर ठेवायची असतील तर मी हिरवट, घट्ट देठाची संत्री निवडेन.

११. भाव पडले आहेत. संत्री झाडावरच ठेवली तर चालतील का?

थोडेच दिवस. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल. जास्त दिवस झाडावर राहिलं की साल फुगून फोडींपासून सुटते, रस आटतो आणि फळ पोचट होतं. अशी फळं पेटीत दबतात आणि वाहतुकीत सगळ्यात आधी फुटतात. गळही वाढते. वर झाडाची ताकद जुन्या फळात अडकते आणि पुढच्या बहाराला फटका बसतो. थांबायचंच असेल तर योग्य वेळी तोडून कोल्ड स्टोरेजमध्ये थांबा.

१२. कोल्ड स्टोरेजमध्ये संत्री किती दिवस राहतात?

चांगल्या तोडणीची, निवडलेली संत्री ६-७ अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत साधारण दीड महिना राहतात. यात तीन अटी आहेत.

पहिली अट तोडणीची. फळ ओढून किंवा पिळून तोडलं तर देठाजवळ साल फाटते. कातरीनं, देठाची टिकली फळावर ठेवून कापा. पहाटे दव असताना तोडू नका. ओल्या, ताठर सालीतल्या तेलाच्या ग्रंथी दाबानं फुटतात आणि नंतर तिथं तपकिरी डाग पडतात. दव वाळू द्या, पण ऊन चढायच्या आत आटोपा. जमिनीवर पडलेलं फळ साठवणुकीच्या कॅरेटमध्ये कधीच घालू नका, ते त्याच दिवशी विका.

दुसरी अट प्रीकूलिंगची, म्हणजे साठवण्याआधी माल गार करून घेण्याची. साठवणुकीच्या खोलीतली यंत्रं थंडी टिकवण्यासाठी असतात, तापलेला माल झपाट्यानं थंड करण्यासाठी नसतात. ३० अंशांचं फळ एकदम खोली भरून ठेवलं तर सगळ्या खोलीचं तापमान चढतं आणि आधीपासून ठेवलेला मालही बिघडतो. पेट्यांमधून पंख्यानं गार हवा ओढणारी प्रीकूलिंगची सोय असेल तर काही तासांत काम होतं. नसेल तर माल सावलीत रात्रभर निववून सकाळी थोडा थोडा आत घ्या.

तिसरी अट सोबतीची. बटाट्याच्या खोलीत २-४ अंश असतात, तिथं संत्र्यांना शीतइजा होते: सालीवर खोलगट तपकिरी डाग, आणि बाहेर काढल्यावर झपाट्यानं सड. मिरचीच्या खोलीत तर ठेवूच नका. तिथली हवा कोरडी असते आणि ठसकाही फळाला लागतो. मालकानं ‘जागा आहे’ म्हटलं म्हणून माल टाकू नका, त्या खोलीत दुसरं काय आहे आणि काटा किती अंशांवर आहे हे स्वतः बघा.

१३. बटाट्याच्या २-४ अंशांच्या खोलीत संत्र्याला इजा होते म्हणता, मग घरच्या ४ अंशांच्या फ्रिजमध्ये का सांगता?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना शाबासकी. शीतइजा दोन गोष्टींवर ठरते, अंशांवर आणि मुदतीवर. संत्र्याला ४ अंशांत डाग पडायला काही आठवडे लागतात. घरी आपण आठ-पंधरा दिवसांत खाऊन मोकळे होतो. केळी किंवा सीताफळाला एवढी मुदत मिळत नाही, ती दोन-तीन दिवसांतच दाखवून देतात.

१४. कोल्ड स्टोरेजमधून काढलेल्या फळांना घाम येतो आणि माल लगेच सडतो. उपाय?

गार सालीवर बाहेरच्या हवेतली वाफ जमते. हवा जितकी दमट, तितका घाम जास्त. तो पुसत बसण्यापेक्षा येऊच देऊ नये. माल एकदम उघड्यावर आणण्याऐवजी १५-१८ अंशांच्या मधल्या खोलीत काही तास ठेवा. तशी खोली नसेल तर पेट्या बंदच ठेवून, वर ताडपत्री टाकून हळूहळू तापू द्या. घाम कागदावर आणि ताडपत्रीवर जमेल, फळावर नाही. घाम आलेलं फळ भरून पेटी बंद करू नका, आणि काढलेला माल पुन्हा आत ठेवू नका. दुसऱ्यांदा काढताना पुन्हा घाम येतो.

१५. कोल्ड स्टोरेज परवडत नाही. शेतावर काही करता येईल का?

विटा आणि वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेनं ही रचना तयार केली, विजेची गरज नाही. सावलीत, वारा लागेल अशा जागी साधारण १६५ बाय ११५ सेंटिमीटरचा विटांचा ओटा करायचा. त्यावर विटांची दुहेरी भिंत सुमारे ६७ सेंटिमीटर उंच बांधायची आणि दोन भिंतींमध्ये ७.५ सेंटिमीटर जागा ठेवून तिच्यात ओली वाळू भरायची. वर बांबूच्या चौकटीवर वाळा किंवा गोणपाटाचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळू, भिंती, झाकण ओलं करायचं. क्विंटलभर माल मावतो.

तत्त्व आपल्या खसच्या कूलरचंच आहे, म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा कक्ष उत्तम चालतो. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंशांनी उतरू शकतं आणि आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत जाते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उपयोग नाही. हवेतच ओलावा असला की पाणी उडत नाही, कक्ष गार होत नाही आणि आत बुरशी मात्र पोसली जाते. पावसाळ्यात तो रिकामा करून वाळू द्या. फळ ठेवताना कॅरेटमध्येच ठेवा, वाळूचं पाणी फळाला लागता कामा नये.

१६. कॅरेट, लाकडी पेटी की पुठ्ठ्याचं खोकं?

बागेतून कळमन्यापर्यंत प्लास्टिकचं कॅरेट. धुता येतं, आतून गुळगुळीत असतं. काठाच्या वर फळ भरू नका, नाहीतर वरचं कॅरेट त्या फळांवरच बसतं. ट्रकमध्ये मोकळा ढीग टाकून नेणं स्वस्त वाटतं, पण तळाच्या फळांवर वरच्या सगळ्या मालाचं वजन येतं आणि नुकसान दोन दिवसांनी, दुसऱ्याच्या दुकानात दिसतं.

लाकडी पेटीत तणस घालून भरायची जुनी रीत आहे. धक्के बसत नाहीत हे खरं, पण तणस ओली असेल तर तीच बुरशीचं घर होते आणि पेटीचे खिळे साल फाडतात.

लांबच्या बाजाराला पुठ्ठ्याचं खोकं सर्वांत बरं. बाजूंना एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे ५ टक्के भोकं हवीत, आणि रचल्यावर वरच्या खोक्याची भोकं खालच्याशी जुळायला हवीत, नाहीतर गार हवा आत फिरत नाही. खोक्याची ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते, म्हणून विटांसारखी आडवी-तिडवी सांधेमोड रचना करू नका, कोपऱ्यावर कोपरा ठेवा. कोल्ड स्टोरेजच्या दमट हवेत साध्या पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते, तेव्हा साठवणुकीसाठी जाड, ओलावा न शोषणारा पुठ्ठा घ्या. शंका असेल तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन विचारा. संस्था आपल्याच शहरात आहे, पण तिची वाट धरणारे कमीच.

१७. आंब्याच्या पेटीत पांढरी पुडी निघाली. काय आहे ती?

कॅल्शियम कार्बाइड असू शकतं. ओलावा लागला की त्यातून ॲसिटिलीन निघतो, आणि बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. फळं पिकवण्यासाठी त्यावर बंदी आहे. परवानगी आहे ती इथिलीन वायूला, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग), ठराविक खोलीत. इथिलीन सोडणाऱ्या पुड्याही मिळतात, पण त्यातली पावडर फळाला लागता कामा नये. कोणती पुडी आहे हे कळत नसेल तर पेटी परत करा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवा.

घरी पेंढ्याची अढी घाला, पिकलेले आंबे रोज वेचा आणि पिकलेलेच फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस मजेत राहतात.

१८. एकेक संत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळतात ते श्रिंक रॅप उपयोगाचं आहे का? आणि व्हॅक्यूम पॅक?

श्रिंक रॅपनं ओलावा राखला जातो, साल सुरकुतत नाही, आणि एक फळ सडलं तरी बुरशी शेजाऱ्याला लागत नाही. भेटीच्या डब्यासाठी किंवा महाग मालासाठी ठीक. रोजच्या विक्रीत त्याचा खर्च निघेल असं मला वाटत नाही. व्हॅक्यूम पॅक मात्र अख्ख्या ताज्या फळाला करू नका. हवाच काढून घेतली तर फळ गुदमरून आंबतं. आंब्याचा गर किंवा सोललेले तुकडे उणे १८ अंशांवर गोठवायचे असतील तेव्हा व्हॅक्यूम चांगलं.

१९. चिरलेलं फळ किती वेळ चालतं?

बाहेर दोन तास. पारा ३२ अंशांच्या वर असेल, म्हणजे नागपुरात मार्च ते जून जवळजवळ रोज, तर एकच तास. झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस. बर्फाच्या लादीवर उघडी ठेवलेली टरबुजाची फोड वरून गरमच असते.

२०. संत्र्यांचा रस काढून फ्रिजमध्ये ठेवला तर कडू होतो. संत्री खराब होती का?

संत्री चांगलीच होती. नागपुरी संत्र्याच्या बिया आणि फोडींच्या पडद्यांमध्ये एक बिनचवीचा घटक असतो. रस निघाला की आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते कडू असतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी तोच कडवट होतो. फ्रिजनं ही क्रिया मंदावते, थांबत नाही. उकळलं तर आणखी वेगानं होते.

रस ठेवायचाच असेल तर मिक्सर वापरू नका, त्यात बिया आणि पडदे भरडले जातात. फोडी हलक्या हातानं दाबून रस काढा, लगेच गाळा आणि काढल्या काढल्या गोठवा. गोठवलेला रस वितळवून तिथल्या तिथे प्या. पाहुण्यांसाठी सकाळी काढून संध्याकाळी द्यायचा बेत असेल तर संत्री अख्खीच फ्रिजमध्ये ठेवा आणि रस ते आल्यावर काढा.